चाकासारखे गाव : नाहालाल

सामुदायिक शेतीची गोष्ट निघाली की शेतकऱ्याचा पहिला सवाल असतो, "मग माझा बांध कुठला?" शंभर वर्षांपूर्वी पॅलेस्टाईनमधल्या काही ज्यू शेतकऱ्यांनाही हाच सवाल पडला होता.

तिथे १९१० साली गालील सरोवराकाठी देगानिया ही वसाहत निघाली. जमीन, जनावरे, चूल, सारे सामाईक. काहींना हे मानवेना. कष्टाला ना नव्हती. पण घर आपले हवे, गोठा आपला हवा. एलिएझर योफे या कार्यकर्त्याने १९१९ मध्ये पुस्तिका लिहून मधली वाट दाखवली. प्रत्येक कुटुंबाचे शेत वेगळे, उत्पन्न त्याचेच. पण खरेदी-विक्री मिळून. शेतात घरच्यांनीच राबायचे, मजूर लावायचा नाही. कोणी आजारी पडला तर त्याचे काम शेजाऱ्यांनी उचलायचे. जमिनीची मालकी ज्यू राष्ट्रीय निधीकडे. शेतकऱ्याला ती लांब मुदतीच्या पट्ट्याने.

११ सप्टेंबर १९२१ रोजी इझ्रेल खोऱ्यात नाहालाल वसले. अशा गावाला तिकडे 'मोशाव' म्हणतात. या पद्धतीचे हे पहिले. जागा दलदलीची, हिवतापाची. आधी पाण्याचा निचरा, मग नांगर.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवू नये. खोऱ्यातल्या जमिनी बैरूतच्या सुरसोक या जमीनदार घराण्याकडून विकत घेतल्या होत्या. पैसा जमीनदाराला मिळाला, आणि कसणाऱ्या अरब कुळांना उठावे लागले. कूळ उठते म्हणजे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

गावाचा आराखडा रिखार्ड काउफमान यांचा. मधोमध सार्वजनिक इमारती, भोवती गोलात घरे, मागे गोठे, आणि चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरलेली शेते. सुमारे ८० कुटुंबे, प्रत्येकी अंदाजे २५ एकर. वेशीवरचे घर कुणाचे आणि मानाची जागा कुणाची, हा तंटाच नाही! पुढे मुलींची शेतीशाळाही निघाली. ती हाना मैझेल यांनी चालवली.

या पद्धतीची शेकडो गावे नंतर झाली. खरेदी मिळून, तसे कर्जही मिळून, एकमेकांना जामीन. १९८० नंतरच्या दशकात इस्रायलमध्ये महागाई भडकली, व्याज वाढले आणि अनेक मोशाव कर्जात बुडाले. ज्याने आपले हप्ते वेळेवर भरले होते, त्याच्याही दारात शेजाऱ्याचे कर्ज येऊन उभे राहिले.