सूचिपर्णींच्या सावलीत (५) : शंकू खाली न टाकणारा फर

मराठीत ‘फर’ म्हटलं की आधी कोटाची केसाळ कॉलर आठवते. याच नावाचं एक झाड हिमालयात आहे. मनालीला किंवा तुंगनाथला जाऊन आलेल्या पुष्कळांनी ते पाहिलेलं असतं, पण त्याचा फोटो ‘देवदार’ म्हणून काढलेला असतो. मागच्या लेखात देवदार नीट पाहिला, तेव्हा आज त्याच्या या शेजाऱ्याची ओळख करून घेऊ.

सुरुवात पानापासून. चीडच्या लांब सुया तीन-तीनच्या जुडीत असतात, तर देवदारच्या आखूड डहाळ्यांवर झुबक्यांनी येतात. फरची सुई मात्र एकेकटी आणि चपटी. ती उलटी करून पाहा, खालच्या बाजूला दोन पांढुरक्या रेघा दिसतील. पान ज्यातून श्वास घेतं त्या रंध्रांच्या त्या रांगा. सुई हळूच उपटली तर डहाळीवर वाटोळा, सपाट वण राहतो. स्प्रूसच्या, म्हणजे हिमाचलातल्या ‘रई’च्या, सुया गळून गेल्या की डहाळी किसणीसारखी खरखरीत लागते. शिवाय रईची सुई चौधारी असल्याने चिमटीत फिरते, फरची फिरत नाही.

पण खरी गंमत शंकूंची. फरचे शंकू शेंड्याकडच्या फांद्यांवर समईतल्या वातींसारखे ताठ उभे असतात आणि कोवळेपणी गर्द जांभळे दिसतात. शरद ऋतूत ते पिकले की जागेवरच उलगडतात. खवले आणि पंखवाले बी सुटून वाऱ्यावर जातात, फांदीवर उरतो तो मधला काटकुळा दांडा. देवदारही असंच करतो, म्हणूनच आधी पान बघायचं. पर्यटक हौसेनं पिशवीत भरून आणतात ते अख्खे शंकू चीडचे, कैलचे नाही तर रईचे. फरचा अख्खा शंकू झाडाखाली सहसा मिळत नाही.

या सवयीची किंमत माणसाला मोजावी लागते. युरोपात नाताळसाठी लोकप्रिय असलेला नॉर्डमन फर मूळचा कॉकेशसचा. त्याचं बी जॉर्जियातल्या राचा भागातून डेन्मार्कसारख्या देशांतल्या रोपवाटिकांत जातं. शंकू फुटण्याआधीच काढावे लागत असल्याने उंचच उंच झाडांच्या शेंड्यापर्यंत माणसं चढतात. आपल्याकडे नाताळात कुंडीत दिसतो, तो फर नव्हे. तो बहुधा अरौकारिया, दक्षिण गोलार्धातल्या वेगळ्याच कुळातला.

फरच्या जगभरात सुमारे ५० जाती आहेत आणि त्या सगळ्या उत्तर गोलार्धात. पश्चिम हिमालयात साधारण २,४०० मीटरच्या वर पिंड्रो फर भेटतो. हिमाचलात त्याला ‘तोस’ म्हणतात, गढवालात ‘रागा’. त्याला उत्तरेकडे तोंड केलेले ओलसर उतार मानवतात. उंची ४५ ते ६० मीटरपर्यंत जाते, पण घेर अरुंदच राहतो. फांद्या आखूड आणि खाली झुकलेल्या, त्यामुळे बर्फ साचून फांदी मोडण्याआधी घसरून पडतो. आणखी वर चढलं की दुसरी जात लागते, अबिस स्पेक्टॅबिलिस. तुंगनाथच्या वाटेवर खरसू ओक आणि बुटक्या ऱ्होडोडेंड्रॉनच्या सोबतीनं ती उभी असते. त्यापलीकडे झाडं संपतात आणि बुग्याल, म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, सुरू होतं.

देवदारचं लाकूड तेलकट, सुवासिक आणि टिकाऊ. फरचं फिकट, हलकं आणि जवळपास बिनवासाचं, कारण त्यात राळेच्या नळ्या नसतात. उघड्यावर ते लवकर कुजतं, म्हणून देवळाच्या खांबाला देवदार आणि खोक्याला फर अशी वाटणी झाली. हिमाचली सफरचंदांच्या जुन्या लाकडी पेट्या फर आणि रईच्या फळ्यांच्या असत. त्यांच्यापायी जंगल तुटू लागलं, तेव्हा पुठ्ठ्याचे खोके आले.

लाकडात राळ नसली तरी सालीवरच्या फोडांत ती असते. उत्तर अमेरिकेतल्या बाल्सम फरची अशी राळ म्हणजे प्रयोगशाळेतला ‘कॅनडा बाल्सम’. वाळला तरी तो स्फटिकासारखा दाणेदार होत नाही, पारदर्शक राहतो, आणि त्याचा अपवर्तनांक काचेच्या जवळपास असतो. म्हणून सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या त्यानं चिकटवत. स्कॉटलंडच्या विल्यम निकॉलनं १८२८ मध्ये कॅल्साइटचे दोन तुकडे जोडून आपला प्रिझम केला, तोही याच राळेनं.

आणि आपल्या घरात? खोकला झाला की मधातून चाटवतात त्या तालीसादि चूर्णात सुंठ, मिरी, पिंपळी यांच्या आधी नाव येतं तालीसपत्राचं. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेनुसार तालीसपत्र म्हणजे फरची पानं. ज्या झाडाचा शंकू हाती लागत नाही, त्याचं पान अशा रीतीनं आपल्या फडताळात येऊन बसलं आहे.

मात्र बाजारात तालीसपत्र या नावाखाली दुसऱ्याच एका झाडाची पानंही विकली गेली आहेत. तीही चपटी, पण खालच्या पांढऱ्या रेघा नसलेली, आणि विषारी. गंमत अशी की कर्करोगावरचं एक मोठं औषध त्याच कुळातून निघालं. ते झाड म्हणजे थुनेर. त्याच्याबद्दल पुढच्या आठवड्यात.