पापणीतल्या तेलाला हुकूम कोण देतं?

मागच्या व्याख्यानात आपण अश्रुग्रंथी पाहिली. आज पापणीच्या कडेला येऊ. आरशासमोर खालची पापणी जरा खाली ओढली, तर केसांच्या मागे बारीक छिद्रांची ओळ दिसते. ही मायबोमियन ग्रंथींची तोंडं. जर्मन वैद्य हाइनरिक मायबोम यांनी १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. त्यांचं तेल अश्रूंवर पातळ थर धरतं, म्हणून खालचं पाणी लवकर उडून जात नाही.

आता मुख्य मुद्दा. या ग्रंथी म्हणजे त्वचेतल्या तेलग्रंथींच्या चुलत बहिणी. त्वचेतल्या ग्रंथी मुख्यतः हार्मोनांवर चालतात. पापणीतल्या ग्रंथींवरही हार्मोनांचा, विशेषतः अँड्रोजेनचा, अंमल आहेच. पण शिवाय त्यांच्याभोवती चेतातंतूंचं दाट जाळं आहे. त्यातले बहुतेक तंतू पॅरासिम्पथेटिक, म्हणजे अश्रुग्रंथीला जातात त्याच जातीचे. मेंदूतून सातव्या चेतेबरोबर निघायचं, टेरिगोपॅलाटाइन गँग्लिऑन या जंक्शनवर गाडी बदलायची आणि पापणीत उतरायचं. सिम्पथेटिक तंतू मुख्यतः रक्तवाहिन्यांभोवती असतात. पाचव्या चेतेचे संवेदी तंतू विरळ.

पण तंतू पोचले म्हणजे नळ सोडल्यासारखं तेल येतं, असं समजू नका. इथली पेशी तेलाने भरते, फुटते आणि स्वतःच तेल होऊन जाते. हे काम संथ असतं. तयार तेल बाहेर ढकलायला मोठी मदत होते ती पापणी मिटताना, स्नायूचा दाब पडल्यावर. आणि गंमत बघा, त्या स्नायूची चेताही सातवीच! म्हणूनच चेहऱ्याचा लकवा झाला, पापणी नीट मिटेना, की डोळा कोरडा पडायला लागतो.

स्क्रीनकडे बघताना आपली उघडझाप कमी होते, अर्धवटही होते. तेल नळीत साचतं, घट्ट होतं. पाणी उडतं, बुबुळावरचे पाचव्या चेतेचे तंतू तक्रार करतात आणि अश्रुग्रंथी धो-धो पाणी सोडते. डॉक्टर म्हणतात, ‘डोळे कोरडे आहेत.’ पेशंट म्हणतो, ‘अहो, सारखं पाणी येतंय!’ दोघंही खरंच बोलत असतात.

ग्रंथीला जाणाऱ्या तंतूंवर आपला ताबा नाही. पापणी मिटणाऱ्या स्नायूवर आहे. म्हणून कोमट शेक द्यायचा, तेल पातळ होऊ द्यायचं आणि काम करताना मधूनमधून पापण्या पूर्ण मिटायच्या. तरीही लाली, दुखणं राहिलं तर नेत्रतज्ज्ञांना दाखवायचं.