दोन सॉकेटचा मदरबोर्ड घेण्याआधी
दोन प्रोसेसर म्हणजे दुप्पट वेग, हा हिशेब मदरबोर्ड निवडताना फसतो. प्रत्येक प्रोसेसरची रॅम त्याच्या स्वतःच्या सॉकेटला जोडलेली असते. शेजाऱ्याच्या रॅममधली माहिती आणायला जास्त वेळ जातो. म्हणून बोर्डावर आधी प्रत्येक सॉकेटच्या वाट्याचे रॅमचे स्लॉट मोजावेत. एएमडीने २०१९ साली एकाच एपिक प्रोसेसरमध्ये ६४ कोर दिले, तेव्हापासून दुसऱ्या सॉकेटची गरज बरीच ओसरली. कोणी म्हणेल, आज एक घेऊ, दुसरा पुढे बसवू. पण रिकाम्या सॉकेटचे रॅम स्लॉट, आणि बऱ्याचदा काही पीसीआय स्लॉटही, निरुपयोगी राहतात. शिवाय नावाच्या शेवटी ‘पी’ असलेले एपिक जोडीने चालतच नाहीत. अवाढव्य रॅम मागणाऱ्या डेटाबेसला मात्र दोन सॉकेट खरेच लागतात.