जादूगारालाही परमिट लागतं! हॅरी पॉटरच्या दुनियेतले प्रवासाचे कायदे आणि त्यांच्याशी जुळणारा खरा इतिहास

जागेवर एक गिरकी घेतली की माणूस थेट दुसऱ्या गावात. फायरप्लेसमध्ये चिमूटभर पावडर टाकली की मित्राच्या घरात. जुन्या फुटक्या बुटाला हात लावला की डोंगरापलीकडे.

अशा दुनियेत पासपोर्ट, कस्टम्स आणि परमिटचं काम काय?

तरीही २०१६ साली आलेल्या ‘फँटॅस्टिक बीस्ट्स अँड व्हेअर टू फाइंड देम’ या सिनेमातला सुरुवातीचा सीन आठवा. न्यूट स्कॅमँडर हा इंग्लिश जादूगार १९२६ मध्ये बोटीने न्यूयॉर्कला येतो आणि चारचौघांसारखा कस्टम्सच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या बॅगेत जादुई प्राण्यांचं अख्खं जंगल आहे. अधिकारी बॅग उघडायला सांगतो, न्यूट गुपचूप एक खटका फिरवतो आणि आत दिसतं फक्त साधंसुधं सामान.

सीन गमतीचा आहे. पण जे. के. रोलिंगने उभ्या केलेल्या या दुनियेत प्रवासाचे कायदे खूप बारकाईने रचलेले आहेत, आणि त्यांचे धागे खऱ्या जगातल्या कायद्यांशी जुळतात.

गायब होता येतं, मग बोट कशाला?

कारण जादूलाही मर्यादा आहे. एका जागेवरून गायब होऊन दुसरीकडे प्रकट होणं, म्हणजे ‘ॲपरेट’ करणं, अंतर वाढेल तसं अवघड होतं. एका खंडातून दुसऱ्या खंडात असं जाणं फक्त अतिशय निष्णात जादूगारांनाच झेपतं. जमलं नाही तर शरीराचा एखादा भाग मागेच राहतो.

झाडूवरून अटलांटिक ओलांडायचा म्हटलं, तर रोलिंगच्याच ‘क्विडिच थ्रू द एजेस’ या पुस्तकानुसार ते पहिल्यांदा जमलं १९३५ मध्ये. त्याआधी जादूगारही बोटीनेच जायचे. म्हणजे १९२६ चा न्यूट बोटीने आला, हे या हिशोबात अगदी बरोबर बसतं.

कशाकशासाठी परवानगी लागते?

ब्रिटनच्या जादू मंत्रालयात वाहतुकीचं वेगळं खातंच आहे. फ्लू नेटवर्क, झाडू, पोर्टकी आणि ॲपरेशनची परीक्षा, सगळं तिथून चालतं.

• ॲपरेशन: वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, शिवाय परीक्षा पास होऊन लायसन्स. हॅरीचा मित्र रॉन पहिल्यांदा नापास होतो, कारण अर्धी भुवई मागे राहते.

• पोर्टकी: हात लावणाऱ्याला ठरलेल्या ठिकाणी नेणारी वस्तू. ती बनवायला मंत्रालयाची मंजुरी लागते. क्विडिच वर्ल्ड कपला एक लाख जादूगार येणार म्हणून ब्रिटनभर २०० पोर्टकी ठेवल्या जातात, त्यासुद्धा वेळापत्रक लावून.

• फ्लू नेटवर्क: फायरप्लेसमधून फायरप्लेसमध्ये. घरची फायरप्लेस सरकारी नेटवर्कला जोडलेली हवी.

• उडते गालिचे: ब्रिटनमध्ये आयातीला बंदी. झाडू चालतो, गालिचा नाही, कारण कायद्याने गालिच्याला ‘मगलांची’, म्हणजे जादू नसलेल्या माणसांची वस्तू ठरवलंय. ही बंदी उठावी म्हणून व्यापारी मंत्रालयाच्या मागे लागलेले असतात.

अमेरिकेत तर त्याहून कडक. तिथल्या जादूगारांच्या सरकारचं नाव मॅकुसा. जादूची कांडी बाळगायला परमिट लागतं आणि परदेशी पाहुण्यालाही सूट नाही. न्यूटला पकडल्यावर त्याच्याकडे याच परमिटची विचारणा होते. तो सांगतो, पोस्टाने अर्ज केलाय, काही आठवडे झाले. सरकारी कामाला जादूनेही वेग आलेला नाही!

एवढे नियम कशासाठी?

सगळ्याच्या मुळाशी आहे १६९२ चा आंतरराष्ट्रीय गुप्तता कायदा. जादूगार आहेत हे मगलांना कळू द्यायचं नाही, एवढा एकच उद्देश. भर बाजारात कुणी हवेतून प्रकट झालं तर गुपित फुटणार, म्हणून प्रवासावर लगाम.

अमेरिकेत १७९० मध्ये हे गुपित खरंच फुटलं. डॉर्कस ट्वेल्व्हट्रीज नावाच्या तरुणीने प्रेमात पडून एका सामान्य माणसाला सगळं सांगून टाकलं. त्यावर मॅकुसाने रॅपपोर्ट कायदा आणला. जादूगारांनी सामान्य माणसांशी मैत्री करायची नाही आणि लग्न तर नाहीच. चूक एका मुलीची, शिक्षा पुढच्या कित्येक पिढ्यांना. हा कायदा रद्द झाला थेट १९६५ मध्ये.

हे दोन आकडे लक्षात ठेवा. १७९० आणि १९६५.

खऱ्या अमेरिकेत तेव्हा काय चाललं होतं?

१७९० मध्येच खऱ्या अमेरिकेने नागरिकत्वाचा पहिला कायदा केला. बाहेरून आलेल्यांपैकी फक्त ‘मुक्त गोऱ्या व्यक्तीलाच’ नागरिक होता येईल, असं त्यात होतं. पुढे कायदे बदलत गेले, पण गोरेपणाची अट टिकली. तिचा फटका भारतीयांनाही बसला. १९१७ च्या कायद्याने आशियातला मोठा पट्टा ‘प्रतिबंधित’ ठरला. विद्यार्थी, व्यापारी अशा काहींना सवलत होती, पण मजुरी करून स्थायिक होऊ पाहणाऱ्या भारतीयांना दार बंद झालं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिकत्वाला पात्र नाहीत. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यानंतर आधी नागरिकत्व मिळालेल्या अनेक भारतीयांचंही ते काढून घेतलं गेलं.

१९२४ मध्ये देशनिहाय कोटा आणखी आवळला गेला आणि दोन वर्षांनी न्यूट बंदरात उतरला. पाहुणा म्हणून आलेल्या इंग्लिश माणसाची बॅग तपासून त्याला सोडून देतात. त्याच वर्षी कायमचं राहायला आलेल्या भारतीय मजुराला ती रांगसुद्धा ओलांडता आली नसती.

आणि १९६५? त्या वर्षी अमेरिकेने देशनिहाय कोट्याची ती पद्धत मोडीत काढली. भारतातून डॉक्टर, इंजिनीअर मोठ्या संख्येने जाऊ लागले ते त्यानंतर. न्यू जर्सीत आज जो मराठी गणेशोत्सव दिसतो, त्याची वाट या कायद्याने मोकळी केली.

बंदी घातली की प्रवास थांबतो?

नाही, फक्त महाग होतो. ‘क्राइम्स ऑफ ग्रिंडेलवाल्ड’मध्ये न्यूयॉर्कच्या राड्यानंतर न्यूटच्या परदेश प्रवासावर बंदी आहे. ती उठवायला मंत्रालय अट घालतं की आमची नोकरी धर. तो नकार देतो आणि डोव्हरच्या कड्यावर एका एजंटकडून बेकायदा पोर्टकी घेऊन फ्रान्स गाठतो. ठरलेले असतात ३० गॅलियन, एजंट मागतो ५०. वरचे २० तोंड बंद ठेवायचे. परदेशात पाठवतो म्हणून पैसे उकळणारे एजंट आपल्याकडच्या लोकांना नवीन नाहीत.

नियम सुरक्षेचा, वापर कशाचा?

या दुनियेतला सर्वांत गंभीर भाग शेवटच्या ‘डेथली हॅलोज’मध्ये येतो. हॅरीच्या घरी पोर्टकी नेणं, ते घर फ्लूला जोडणं, तिथून ॲपरेट करणं, सगळं तुरुंगाच्या शिक्षेचा गुन्हा ठरतं. कारण दिलं जातं हॅरीच्या सुरक्षेचं. प्रत्यक्षात त्याला कोंडायचं असतं.

मंत्रालय व्होल्डेमॉर्टच्या हातात गेल्यावर नोंदणी आयोग येतो. मगल घरात जन्मलेल्या जादूगारांनी हजर व्हायचं आणि जवळचा एक तरी नातेवाईक जादूगार असल्याचा पुरावा द्यायचा. पुरावा नसेल तर जादू ‘चोरलेली’ ठरते आणि कांडी जप्त होते. विशेष म्हणजे कार्यालय तेच, बरेचसे कर्मचारीही तेच. फक्त फॉर्म बदललाय.

खऱ्या इतिहासात ऑक्टोबर १९३८ मध्ये नाझी जर्मनीने ज्यूंचे पासपोर्ट रद्द केले आणि त्यांवर ठळक ‘जे’ अक्षराचा शिक्का मारून परत दिले. कागद पासपोर्टचाच होता, पण सीमेवर तो दाखवला की धारक ज्यू आहे हे लगेच कळायचं आणि दार बंद व्हायचं.

परमिट लोकांच्या सोयीसाठी आहे की त्यांना वेगळं काढण्यासाठी, हे त्यावरच्या शिक्क्यावरून कळत नाही. त्यासाठी एकच गोष्ट बघावी लागते, ते कुणाकडे मागितलं जातं आणि कुणाकडे कधीच मागितलं जात नाही.