विश्लेषण : स्पीकर घेताना नाव पाहायचे की आवाज ऐकायचा?

दसरा-दिवाळीच्या खरेदीत टीव्हीसोबत साउंडबार किंवा होम थिएटर घ्यायचे बेत पनवेल, कामोठे, कळंबोलीतील अनेक घरांत आखले जातात. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कोणत्या कंपनीचा दाखवू?’ खोली केवढी आहे, टीव्हीपासून सोफा किती लांब आहे, हे क्वचितच विचारले जाते. दहा-वीस हजार रुपये मोजताना नावावर ठेवलेला विश्वास कितपत कामी येतो?

ओळखीचे नाव, मालक मात्र दुसराच?

महाराष्ट्रातल्या घरांना ‘सान्सुई’ हे नाव चांगलेच परिचयाचे आहे. १९४७मध्ये सुरू झालेली ही जपानी कंपनी अ‍ॅम्प्लिफायरसाठी नावाजलेली होती. भारतात मात्र हे नाव औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) व्हिडिओकॉन समूहाने वापरले. तो समूह २०१८मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला, तरी नाव बाजारात टिकले. आधीच्या पिढीने ज्या ‘फिलिप्स’च्या रेडिओवर विश्वास ठेवला, त्या कंपनीने घरगुती ऑडिओचा व्यवसाय २०१४मध्ये गिटार बनवणाऱ्या गिब्सनला विकला. २०१८पासून ‘फिलिप्स’ नावाची ऑडिओ उत्पादने टीपीव्ही ही कंपनी परवान्यावर काढते. जेबीएल, इन्फिनिटी आणि हर्मन कार्डन एकमेकांचे स्पर्धक वाटतात. प्रत्यक्षात तिन्ही हर्मनचे ब्रँड असून, २०१७पासून हर्मन सॅमसंगच्या मालकीची आहे.

यातले कोणतेही उत्पादन वाईटच असेल, असे नाही. मात्र वडिलांच्या काळातला अनुभव आजच्या खोक्याला आपोआप लागू होत नाही.

नाव दिसले की कान बदलतात?

याचे उत्तर प्रयोगातून मिळाले आहे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या संशोधकांनी हर्मनमध्ये ४० जणांना चार स्पीकर ऐकवले. एकदा पडद्याआड ठेवून आणि एकदा समोर दिसतील असे. १९९४मध्ये मांडलेले निष्कर्ष बोलके होते. पडद्याआड असताना प्लास्टिकच्या छोट्या, स्वस्त संचाला मोठ्या आणि महागड्या स्पीकरच्या जवळपास गुण मिळाले. स्पीकर दिसू लागताच त्याच संचाचे गुण घसरले. ऐकणारे सगळे हर्मनचेच कर्मचारी होते, म्हणजे स्पीकरच्या कंपनीत काम करणारेही यातून सुटले नाहीत. आणखी एक गोष्ट दिसली. पडदा असताना स्पीकरची खोलीतली जागा बदलली की गुणही बदलत. स्पीकर दिसत असताना हा फरक फारसा जाणवत नसे.

खोक्यावरचे वॅट किती खरे?

‘५००० वॅट पीएमपीओ’ असे आकडे भारतीय बाजाराला नवे नाहीत. पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. त्यामुळे आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद पाहावी. एक सोपी पडताळणीही आहे. स्पीकरच्या मागच्या पट्टीवर किंवा अ‍ॅडॉप्टरवर किती वीज लागते, ते छापलेले असते. १८ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर ३६ वॅटच देतो. त्यावर चालणारा साउंडबार सलग १०० वॅट देऊ शकत नाही.

शिवाय वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबलने वाढतो. ‘४० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ या आकड्यापुढे ‘अधिक-उणे ३ डेसिबल’ अशी मर्यादा दिली नसेल, तर त्यातूनही फारसे काही कळत नाही.

फ्लॅटमध्ये आल्यावर आवाज का बदलतो?

दुकानात सामानाची गर्दी असते, घरात टाइल्स आणि मोकळ्या भिंती. दहा बाय बाराच्या खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपासचे खालचे सूर घुमतात. सबवूफर कोपऱ्यात ढकलला की हा घुमका आणखी वाढतो आणि संवाद त्याखाली दबतात. अनेकदा ‘कंपनी बेकार निघाली’ या तक्रारीमागे जागेची चूक असते. सबवूफर भिंतीपासून थोडा पुढे घेणे, जाड पडदे आणि गालिचा या उपायांनी फरक पडतो. पनवेलच्या दमट हवेत स्पीकरच्या कोनाभोवतीची फोमची कड कालांतराने झिजून फाटते. रबराची कड सहसा जास्त टिकते.

मग ब्रँडला अर्थच नाही?

अर्थ आहे, पण तो सेवेपुरता. सर्व्हिस सेंटर पनवेल किंवा नवी मुंबईत आहे की नाही, रिमोट आणि अ‍ॅडॉप्टर वेगळे मिळतात का, वॉरंटी किती वर्षांची, यावर नावाची खरी किंमत ठरते. बीआयएसची खूण विजेच्या सुरक्षिततेबद्दल आहे, ती चांगल्या आवाजाची हमी देत नाही. पक्के बिल घ्यावे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

दुकानात काय करावे?

एकाच किमतीचे दोन-तीन संच निवडावेत. मोबाइलमध्ये तीन गोष्टी आधीच घेऊन जाव्यात : मराठी बातमीपत्राचा तुकडा, तबला-पेटीची साथ असलेले एखादे गाणे आणि नेहमी पाहिला जाणारा चित्रपटातील प्रसंग. सोबतच्या व्यक्तीने संच बदलत राहावे आणि ऐकणाऱ्याने पाठ फिरवून गुण द्यावेत. प्रत्येक संचाचा आवाज सारखा ठेवणे महत्त्वाचे, कारण किंचित मोठा आवाजही कानाला ‘चांगला’ वाटतो. त्यासाठी आवाज मोजणारे मोफत अ‍ॅप पुरेसे आहे. बास आणि ट्रेबलची बटणे मध्यावर ठेवावीत. बातमीतला प्रत्येक शब्द स्पष्ट कळतो का, हे आधी पाहावे, कारण घरी सर्वाधिक ऐकले जातात ते संवादच.

गुण देऊन झाल्यावरच नाव आणि किंमत पाहावी. गुणांत फारसा फरक नसेल, तर जवळ सर्व्हिस सेंटर असलेला संच घ्यावा. फरक मोठा असेल, तर ओळखीच्या नावासाठी जादा पैसे मोजण्याचे कारण उरत नाही.