शब्द ओळखीचा, अर्थ वेगळा

रसायनशास्त्र अवघड वाटते, ही विद्यार्थ्यांची जुनीच तक्रार आहे. या अवघडपणाचे खापर बहुधा लांबलचक परदेशी नावांवर फोडले जाते. वास्तविक अनोळखी शब्द सहसा फसवीत नाही. त्याचा अर्थ ठाऊक नसल्याची जाणीव विद्यार्थ्याला असते आणि तो अर्थ शोधतो. फसवतात ते ओळखीचे शब्द. शुद्ध, क्षार, सोडा, तीव्र, सौम्य हे शब्द घरीदारी रोज कानांवर पडतात. व्यवहारात त्यांचे अर्थ सैल असतात; शास्त्रात मात्र त्यांना नेमका अर्थ ठरवून दिलेला असतो. हा भेद ध्यानात न घेतल्यास परीक्षेतील गुण जातात आणि क्वचित प्रसंगी जिवावरही बेतते.

मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण

ज्या पदार्थाचे रासायनिक रीतीने आणखी साध्या पदार्थांत विघटन करता येत नाही, त्याला मूलद्रव्य म्हणतात. आज ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत. दोन किंवा अधिक मूलद्रव्यांचा रासायनिक संयोग होऊन संयुग बनते. संयुगातील घटकांचे प्रमाण ठरलेले असते. पाणी विहिरीचे असो वा पावसाचे, त्यातील पाण्याच्या रेणूंत वजनाने एक भाग हायड्रोजन व सुमारे आठ भाग ऑक्सिजन असतो. मिश्रणात असे बंधन नसते. सरबतात साखर कमीजास्त घालता येते. तांबे व जस्त यांपासून होणाऱ्या पितळेतही त्यांचे प्रमाण बदलता येते.

संयुगात घटकांचे मूळ गुणधर्म उरत नाहीत. सोडियम हा धातू पाण्याशी इतक्या जोराने अभिक्रिया करतो की तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवावा लागतो. क्लोरीन हा विषारी वायू आहे. पहिल्या महायुद्धात २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने तो शस्त्र म्हणून वापरला. या दोहोंच्या संयोगातून बनते ते रोजच्या जेवणातील मीठ! म्हणूनच 'मिठात क्लोरीन असतो, तेव्हा मीठ विषारी' हा तर्क चुकीचा ठरतो.

अशा बाबतीत थोर शास्त्रज्ञांनाही चकवा बसला आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हाझिए यांनी १७८९ साली मूलद्रव्यांची यादी प्रसिद्ध केली. तिच्यात चुन्याचाही समावेश होता. कारण चुन्याचे विघटन तोवर कोणालाही करता आले नव्हते. पुढे १८०८ साली हंफ्री डेव्ही यांनी विजेच्या साहाय्याने चुन्यातील कॅल्शियम वेगळे केले आणि चुना हे संयुग असल्याचे स्पष्ट झाले. लाव्हाझिए यांची यादी बदलली. मूलद्रव्याची व्याख्या मात्र अबाधित राहिली.

अणू आणि रेणू

मूलद्रव्याचा रासायनिक अभिक्रियेत भाग घेणारा सर्वांत लहान कण म्हणजे अणू. दोन किंवा अधिक अणू एकत्र बांधले जाऊन रेणू तयार होतो. रेणू म्हटला की तो संयुगाचाच असला पाहिजे, असे मात्र नाही. ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. पण ते दोन्ही ऑक्सिजनचेच असल्यामुळे ऑक्सिजन हे मूलद्रव्यच राहते.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीतून शिकणाऱ्यांनी येथे विशेष दक्षता घ्यावी. मराठीतील 'अणू'ला हिंदीत 'परमाणु' म्हणतात आणि हिंदीतील 'अणु' म्हणजे मराठीतील 'रेणू' होय. 'क्षार' या शब्दाचेही तसेच आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जो पदार्थ मिळतो, त्याला क्षार म्हणतात. हिंदीत त्याला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' हा शब्द पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीसाठी वापरतात. दोन्ही भाषांतील पुस्तके वाचताना शब्दाच्या रूपापेक्षा त्याच्या व्याख्येकडे पाहावे.

तीव्र म्हणजे संहत नव्हे

आम्लांच्या संदर्भात तीव्र-सौम्य आणि संहत-विरल या दोन जोड्यांची नेहमी गल्लत होते. तीव्र आम्लाचे रेणू पाण्यात जवळजवळ पूर्णपणे विभागून आयन बनतात. सौम्य आम्लाचे थोडेच रेणू विभागतात. हा त्या आम्लाचा अंगचा गुण होय. संहत व विरल हे शब्द मात्र द्रावणात आम्ल किती आणि पाणी किती, एवढेच सांगतात. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल तीव्र आहे, पण विरल आहे. व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्ल सौम्य आहे. तरीही तेच आम्ल संहत असेल तर कातडी भाजते. 'सौम्य' या शब्दावर विसंबून बाटलीत हात घालणे धोक्याचे ठरते.

संहत सल्फ्युरिक आम्ल विरल करताना ते पाण्यात थोडेथोडे, ढवळत ओतावे. आम्लात पाणी कधीही ओतू नये. या क्रियेत पुष्कळ उष्णता निर्माण होते आणि वरून पडलेले पाणी उकळून आम्लाचे शिंतोडे अंगावर उडू शकतात.

विरघळणे आणि वितळणे

'उन्हात बर्फ विरघळला' असे बोलण्यात येते. शास्त्राच्या भाषेत तो वितळतो. वितळण्यासाठी उष्णता पुरते, विरघळण्यासाठी दुसरा पदार्थ लागतो. मीठ साध्या पाण्यात सहज विरघळते. ते वितळवायचे झाल्यास सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमान लागते.

नाव अपुरे, धोका पुरा

'शुद्ध' दूध म्हणजे भेसळ नसलेले दूध, हा झाला बाजारातील अर्थ. शास्त्राच्या दृष्टीने मात्र दूध शुद्ध पदार्थ नाही. ते पाणी, स्निग्धांश, प्रथिने, शर्करा इत्यादींचे मिश्रण आहे.

'सोडा' या एका शब्दात तर तीन निराळे पदार्थ सामावले आहेत. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट आणि कॉस्टिक सोडा म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. पहिला पदार्थ पिठात घालतात. तिसरा अंगावर पडल्यास खोल जखमा होतात आणि डोळ्यांत गेल्यास दृष्टी जाऊ शकते.

'अल्कोहोल' हेही एका पदार्थाचे नाव नसून संयुगांच्या एका वर्गाचे नाव आहे. मद्यात असते ते इथाइल अल्कोहोल. मिथाइल अल्कोहोल दिसायला तसेच असले तरी ते विष आहे. शरीरात त्यापासून फॉर्मिक आम्ल तयार होते. त्यामुळे अंधत्व येते, मृत्यूही ओढवतो. मुंबईतील मालवणी भागात जून २०१५ मध्ये मिथाइल अल्कोहोल मिसळलेली दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. नावातील एका पदाचा फरक केवढा मोठा असतो, हे यावरून ध्यानात यावे.

शब्द कसा वाचावा

पारिभाषिक शब्द समोर आल्यावर विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत. त्याची व्याख्या काय? त्याच्या जवळचा कोणता शब्द त्याहून भिन्न आहे? आणि त्याचे एक उदाहरण कोणते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या शब्दांत देता आली, तर तो शब्द समजला असे मानावे. हीच सवय प्रयोगशाळेतील बाटलीवरचे किंवा दुकानातील डब्यावरचे नाव वाचतानाही उपयोगी पडते. नाव अर्धवट वाचून कोणताही पदार्थ वापरू नये आणि ज्या बाटलीवर नावच नाही, ती वापरण्याच्या भरीस पडू नये.