स्टॉलवर शेगडी कोणती: गॅसची की लाइटची?

दिवाळीनंतर जत्रा, कृषी प्रदर्शनं, बचत गटांचे मेळावे सुरू होतात. कुणी तालुक्याला स्टॉल लावतं, कुणी पुण्याच्या भीमथडी जत्रेला जातं, तर कुणी मुंबईच्या महालक्ष्मी सरसला. पीठ, मसाला, गाडीभाडं यांचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. पण स्वयंपाकाच्या जळणाचा खर्च मात्र ‘इतर’ या रकान्यात ढकलतो. नफ्यातले बरेच पैसे तिथूनच गळतात. म्हणून आज बोलू या की स्टॉलवर गॅस परवडतो की लाइटवरची इंडक्शन शेगडी.

घरी ‘लाइट स्वस्त’ किंवा ‘गॅस स्वस्त’ असा आपला एक अंदाज असतो. तो स्टॉलवर चालत नाही. एक तर घरची १४.२ किलोची लाल टाकी धंद्याला वापरणं नियमात बसत नाही. धंद्यासाठी १९ किलोची व्यावसायिक टाकी लागते, नाहीतर बाजारभावाने मिळणारी ५ किलोची छोटी टाकी. दुसरं म्हणजे, घरची लाइट मीटरवर मोजली जाते. स्टॉलवर मात्र बऱ्याच वेळा ‘एका पॉइंटचे दिवसाला इतके’ असं ठोक भाडं असतं. तुम्ही शेगडी एक तास चालवा नाहीतर दहा तास, पैसे तेवढेच.

आता तुलना कशी करायची ते बघा. एक किलो गॅस जळला की साधारण पावणेतेरा युनिट विजेइतकी उष्णता निघते. पण ती सगळी भांड्याला लागत नाही. गॅसवर शंभरातला साठ भाग भांड्यात जातो, बाकीची आच आजूबाजूला वाया जाते. इंडक्शनवर शंभरातला पंच्याऐंशी भाग भांड्यात जातो. हे दोन्ही धरून हिशेब येतो तो असा: एक किलो गॅसचं काम इंडक्शनवर सुमारे ९ युनिटांत होतं. हा ९ चा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

समजा १९ किलोची टाकी १,७१० रुपयांना पडली. १९ ने भागलं की किलोला ९० रुपये. ते ९० परत ९ ने भागले की आले १० रुपये. म्हणजे लाइट युनिटला १० रुपयांपेक्षा स्वस्त मिळाली तर इंडक्शन परवडतं, महाग मिळाली तर गॅस. टाकीचा भाव बदलला तर हीच भागाकाराची रीत पुन्हा करा.

आता ठोक भाड्याचं बघू. समजा आयोजक शेगडीच्या पॉइंटचे दिवसाला २५० रुपये घेतात. तुमची शेगडी सरासरी दीड हजार वॅटवर सहा तास चालली, तर ९ युनिट जळले. तेच काम एक किलो गॅसमध्ये, म्हणजे ९० रुपयांत झालं असतं. पाच दिवसांत लाइटचे १,२५० आणि गॅसचे ४५०. फरक ८०० रुपयांचा. गटात दहा जणी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याचे ८० रुपये गेले. २५० रुपये वसूल व्हायला दिवसाला २५ युनिट जाळावे लागतील, आणि एका शेगडीवर ते होत नाही.

उलटही घडतं. लाइटचे पैसे स्टॉलच्या भाड्यातच धरलेले असले, तर शेगडीची लाइट वेगळ्या पैशाने पडत नाही. अशा वेळी आमटी, भात, चहा, दूध सगळं इंडक्शनवर चढवा आणि गॅस वाचवा.

म्हणून पैसे भरण्याआधी आयोजकांना चार गोष्टी विचारा. लाइट मीटरवर की ठोक? एका पॉइंटवर किती वॅट चालतात? लाइट गेली तर जनरेटर आहे का, आणि त्याचे पैसे वेगळे का? स्टॉलमध्ये गॅस चालतो का? काही बंदिस्त मंडपांत आगीच्या भीतीने टाकी ठेवू देत नाहीत. जनरेटरची वीज महाग पडते, कारण छोट्या जनरेटरवर एक लिटर डिझेलमध्ये साधारण तीनच युनिट निघतात.

पदार्थही बघावा लागतो. इंडक्शनला सपाट बुडाचं आणि लोहचुंबक चिकटेल असंच भांडं चालतं. साधं ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा गोल बुडाची कढई चालत नाही. भाकरी आचेवर फुगवायची, वांगं भाजायचं, तर गॅसच हवा. मात्र उघड्यावर वारा लागला की गॅस जास्त जळतो. शेगडीला तीन बाजूंनी पत्र्याचा आडोसा करा, पण टाकी आडोशाच्या बाहेर ठेवा.

जपायचं तेही सांगते. दोन हजार वॅटची शेगडी जवळपास ९ अँपिअर वीज ओढते. तिला मोठ्या पिनचा, १६ अँपिअरचा सॉकेटच हवा. मोबाइल चार्जिंगच्या बारक्या एक्स्टेन्शनवर ती लावू नका, वायर वितळते. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली साचतो. म्हणून टाकी खड्ड्यात किंवा टेबलाखाली कापडाने झाकून ठेवू नका. नळीला चिरा नाहीत ना, हे निघण्याआधी बघा.

शेवटचं काम हिशेबाचं. निघताना टाकीचं वजन करा, परत आल्यावर पुन्हा करा. जितकं वजन कमी झालं तितका गॅस जळला. लाइटला मीटर असेल तर पहिल्या आणि शेवटच्या दिवशी आकड्याचा फोटो काढा. गटाच्या वहीत ‘जळण’ असा स्वतंत्र रकाना पाडा. दोन-तीन स्टॉल झाले की एका थाळीला जळण किती लागतं हे तुमच्या तुम्हालाच कळेल, आणि थाळीचा भाव ठरवताना अंदाजावर राहावं लागणार नाही. पुढच्या मासिक बैठकीत हा भागाकार सगळ्या जणींनी मिळून एकदा करून बघा.